तुझं काय बाई, घर जवळ

ऑफिसजवळ घर असण्याचे फायदे माझ्यापेक्षा लोकांनाच जास्त पाठ आहेत. घर घेताना दलालाने तर ते गाऊन दाखवले होते. धक्के नाहीत, दगदग नाही, ऊन नाही, पाऊस नाही, दुपारी घरी येऊन गरमगरम जेवा, संध्याकाळी दिवे लागायच्या आत पाय पसरून बसा. सगळं खरं. त्या माणसाला मी खोटं पाडणार नाही. पण घर ऑफिसला जवळ असलं की ऑफिसही घराला तितकंच जवळ असतं, हे तो शहाणा बोलला नाही आणि आम्ही दीडशहाण्यांनी विचारलं नाही.

शहराच्या कडेला आहे हा भाग. पूर्वी म्हणे इथे नुसती गोदामं होती. आता काचेचे मनोरे आहेत आणि त्यांच्या मधोमध आमची एकुलती एक राहती इमारत, कोणीतरी उचलायची विसरून गेल्यासारखी. खाली उतरलात तर झेरॉक्स काढून मिळेल, शिक्के करून मिळतील, उभ्या उभ्या व्हिजिटिंग कार्डं छापून मिळतील, सतरा तऱ्हेची कॉफी मिळेल. कांदा मिळायचा नाही. रविवारी तर चिटपाखरू नसतं. सिग्नल आपले लाल-हिरवे होत असतात, कोणासाठी ते देव जाणे. आमच्या सासूबाई बाल्कनीत उभ्या राहून म्हणतात, "अगं, लोक मेले की काय सगळे?" सोमवारी सकाळी गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं दिसायला लागली की त्यांचा जीव भांड्यात पडतो.

माझं ऑफिस रस्त्याच्या पलीकडे, सहाव्या मजल्यावर. विमा कंपनीचं काम. लोकांची आजारपणं, ऑपरेशनं, दवाखान्याची बिलं आमच्या स्क्रीनवर येतात आणि कोणाला किती द्यायचं ते आम्ही ठरवतो. लोकांच्या खाजगी गोष्टी, म्हणून हॉलमध्ये मोबाईल न्यायला बंदी. दाराशी लॉकरमध्ये ठेवायचा. कागद नाही, पेन नाही, पाण्याची बाटलीसुद्धा आरपार दिसणारी हवी. पण माझी खुर्ची खिडकीशी आहे. मान जरा उजवीकडे वळवली की समोर आमची बाल्कनी. दोरीवरचे चिमटे नाही दिसत, पण पायजमा कोणाचा आहे ते सांगेन.

म्हणून टॉवेल. ही कल्पना माझ्या लेकीची, बिट्टीची. ती लहान होती, शाळेतून आली की घरी ती आणि आजी. आमचे हे बंदरावर कामाला, आठवडाभर तिकडेच. सासूबाईंना मोबाईल हातात धरला की घाम फुटतो, म्हणून त्यांनी तो कधी घेतलाच नाही, आणि मला तो जवळ ठेवायची चोरी. तेव्हा या पोरीने एक दिवस जाहीर केलं, पांढरा टॉवेल दोरीवर दिसला तर सगळं ठीक आहे, तुझं चालू दे. निळा दिसला तर येताना दूध आण. लाल दिसला तर असशील तशी नीघ.

लालचा नियम कडक होता. लाल दिसला की हातातलं टाकून घरी यायचं, का-कू करायची नाही. आणि घरातल्या सगळ्यांना सारखा. मोठी झाल्यावर बिट्टी समोरच्या कॉफीच्या दुकानात मैत्रिणींबरोबर खिदळत बसायची. मी सुट्टीच्या दिवशी लाल लावला की धापा टाकत वर हजर. मग कळायचं, आजीच्या गोळ्यांच्या बाटलीचं झाकण उघडत नाहीये. "यासाठी लाल?" म्हणून पाय आपटायची, पण यायची. एकदाही चुकली नाही.

तर ही बिट्टी निघाली होती. सातासमुद्रापार नोकरी लागली होती, परत यायचं ते दोन वर्षांनी, तेही तिथल्या साहेबाच्या मनात आलं तर. विमान रात्रीचं, पण विमानतळ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणून गाडी संध्याकाळीच निघणार. हे बंदरावरून परस्पर विमानतळावर पोचणार होते. मी महिनाभर आधी सुट्टी मागून ठेवली होती.

मागितली कोणाकडे? दोनमिनिटेकडे. हे काही त्याचं आडनाव नव्हे, त्याचे गुण. आमचा मॅनेजर. "दोन मिनिटं येता का?" म्हणाला की जेवणाची वेळ गेली समजा. आदल्या दिवशी त्याने मला बोलावलं आणि तोंड बारीक करून म्हणाला, "अहो मॅडम, उद्या वरून तपासणीला माणसं येतायत. तुमच्या फायलींचं दुसऱ्या कोणाला काय सांगता येणार?"

"माझी मुलगी चाललीय उद्या. सुट्टी तुम्हीच मंजूर केलीत."

"हो, पण गाडी संध्याकाळी ना? मग दुपारभर घरी बसून काय करणार? गाडी आली की दोन मिनिटं जाऊन या. तुमचं काय, घर जवळ!"

आणि त्याच दिवशी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईला चार वाजता सोडलं. भाच्याचा वाढदिवस होता. ती लांब राहते ना. तिला घरी पोचायला दोन तास लागतात, बिचारी. ऑफिसची किल्ली कोणाकडे? माझ्याकडे, घर जवळ. सुट्टीच्या दिवशी वीजवाला येणार, दार कोण उघडणार? मी, घर जवळ. पाहुण्यांच्या बॅगा कुठे ठेवायच्या, कोणाचं डोकं दुखतंय तर तिने कुठे पडायचं, कोणाला मुलाखतीला जायचंय तर साडी कुठे बदलायची? इतकी वर्षं हे ऐकतेय. एक दिवस दारावर पाटीच लावणार होते.

तरी मी हो म्हटलं, कारण मला वाटलं, खरंच आहे की. घर जवळ आहे. रस्ता ओलांडायचा अवकाश.

रात्री जेवताना मी बेत सांगितला. फाटक काही माझ्या खिडकीतून दिसत नाही, म्हणून गाडी फाटकात आली की दोरीवर पिवळा टॉवेल लावायचा. नवीनच आणलेला होता, लांबून उठून दिसेल असा. मी तो पाहीन, उठेन, येईन, पोरीला पोटाशी धरीन, गाडीत बसवीन आणि मग जाऊन बसेन त्या तपासणीवाल्यांसमोर.

"लालच लावते की," सासूबाई म्हणाल्या.

"लाल नको, आई. लाल दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. उद्या मला गोळा नकोय. लालला हातसुद्धा लावायचा नाही."

"बरं. नाही लावत," त्या म्हणाल्या. शब्दाच्या पक्क्या आहेत हो. कधीकधी नको इतक्या.

सकाळी बिट्टी अंघोळीला गेली आणि मला चैन पडेना. तिच्या बॅगा उघडल्या, सगळं उपसलं, परत भरलं. काही कमी होतंय असं सारखं वाटत होतं. हातबॅग पाहिली तर तिच्यात टॉवेल नाही! एवढ्या लांबचा प्रवास, तोंड कशाला पुसणार, बाहीला? कपाट उघडून त्यातला सगळ्यात मऊ होता तो काढला, तळाशी सारला आणि बाईसाहेबांनी काढून ठेवू नये म्हणून वर स्वेटर दाबून बसवला. तेवढ्यावर माझं समाधान झालं. मूर्खपणा करताना माणसाला नेहमी असंच समाधान वाटतं.

मी निघाले तेव्हा ती ओल्या केसांनी दारात आली. "आई, आत्ताच नीट भेट ना."

"आत्ता कशाला? संध्याकाळी आहेच की. घर काय लांब आहे?" मी म्हटलं आणि चपला अडकवून लिफ्टकडे पळाले, कारण तपासणीची माणसं लवकर येणार होती.

माणसं आली जेवणाच्या वेळेला. दोघं पुरुष आणि एक बाई, तिघांच्याही चेहऱ्यावर सुरकुती म्हणून नाही. दोनमिनिटे त्यांच्यापुढे असा वाकत होता की पाठीचं काय होणार याची काळजी वाटावी. त्यांनी एकेक फाईल उघडायला लावली. याला हे का नाकारलं? हिला हे का दिलं? मी सांगत होते. तोंड सांगत होतं, मान उजवीकडे. ती बाई एकदा म्हणाली, "तुमची मान अवघडलीय का?" मी म्हटलं, "हो."

बाल्कनी रिकामी. दोरी रिकामी. दुपार कलली तशी माझी घालमेल वाढली. पाय थांबेनात. खुर्चीच्या चाकांचा कुरकुर आवाज व्हायला लागला म्हणून पाय खाली रोवले, तर बोटं टेबलावर वाजायला लागली. पाणी पिऊन पिऊन बाटली संपवली, भरून आणायला उठायची भीती, तेवढ्यात पिवळा लागला तर? नैसर्गिक गरजसुद्धा दाबून ठेवली, आता लपवायचं काय त्यात! बिट्टी काय करत असेल? जेवली असेल का? पासपोर्ट हातबॅगेत की पर्समध्ये? सकाळी म्हणत होती नीट भेट, तर दोन मिनिटं भेटायला काय झालं होतं मला?

मग दोरीवर काहीतरी लागलं. मी अर्धी उठलेच. पण पिवळं नव्हतं ते. पांढरं होतं. दोन पांढरे चौकोन शेजारीशेजारी.

सगळं ठीक आहे, तुझं चालू दे.

हुश्श केलं मी. म्हणजे गाडीला उशीर होता आणि बिट्टीने मला कळवलं होतं, घाई करू नको. गुणाची गं माझी पोर. दोन दोन पांढरे लावले, नीट दिसावेत म्हणून. मी खुर्ची पुढे ओढली आणि त्या बाईला एका माणसाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल इतकं व्यवस्थित सांगितलं की दोनमिनिटे माझ्याकडे पाहून हसला.

पण ठीक असलं तरी किती वेळ ठीक? फाईलवर फाईल झाली. मध्येच बाल्कनीत कोणीतरी आलं, गेलं, पुन्हा आलं. हात हलवल्यासारखं वाटलं, की कपडे झटकले? पांढरं तसंच. बाहेर उजेड कमी व्हायला लागला. हॉलमधले लोक उठून लॉकरकडे निघाले, ऑफिस सुटलं. माझ्या मनात आलं, जाऊन तर येऊ. पुन्हा मनात आलं, पांढरा आहे ना, मग कशाला उगाच या लोकांसमोर शोभा? असं हो-नाही, हो-नाही चाललं होतं, तेवढ्यात आमच्या बाल्कनीतला दिवा लागला.

आणि त्या पांढऱ्यावर फुलं दिसली.

आमच्या पांढऱ्या टॉवेलावर फुलं नाहीत. मी डोळे बारीक केले. ते टॉवेलच नव्हते, उशांचे अभ्रे होते. आमचे फुलाफुलांचे जुने अभ्रे, घेतले तेव्हा पिवळेधमक, धुऊन धुऊन रंग उडालेले. घरात अभ्रे का लावले? पिवळे म्हणून लावले! मग पिवळा टॉवेल कुठे गेला? नवीन पिवळा, सगळ्यात मऊ...

कुठे गेला म्हणजे? हातबॅगेच्या तळाशी, स्वेटरखाली. माझ्याच हातांनी.

मी उठले. खुर्ची मागे जाऊन भिंतीला आपटली. दोनमिनिटे म्हणाला, "मॅडम, फक्त दोन मिनिटं, ही शेवटची..."

"तुमची दोन मिनिटं घाला चुलीत!" मी ओरडले. "माझी पोर चाललीय तिकडे!"

तो काय म्हणाला ते ऐकायला मी थांबले नाही. लिफ्टसमोर ही गर्दी. ऑफिस सुटायच्या वेळेला त्या लिफ्ट म्हणजे देवाचा कौल, लागला तर लागला. आणि मोबाईलचा लॉकर त्या गर्दीच्या पलीकडे. मी मोबाईल सोडला आणि मागच्या जिन्याने सुटले. गुडघे बोंबलत होते. मघाशी सांगितलेल्या त्या माणसाच्या गुडघ्याचं ऑपरेशन मी नाकारलं होतं, आता मंजूर करावंसं वाटलं. मागच्या दाराने बाहेर पडले, इमारतीला वळसा घालून रस्त्यावर आले, तर सिग्नल गाड्यांना हिरवा. रविवारी रिकाम्या रस्त्यावर तासन्‌तास लाल राहतो मेला! समोर आमचं फाटक दिसत होतं. गाडी नव्हती. मी स्वतःला सांगितलं, आत असेल, जिन्यापाशी लावली असेल. सिग्नल बदलला, मी पळाले, आत पाहिलं. जिन्यापाशी शेजाऱ्यांची सायकल होती फक्त.

वर गेले तर दार सताड उघडं. घरात कपाट उपसलेलं, चादरी जमिनीवर. सासूबाई मध्ये उभ्या.

"अगं बाई! तू इकडे कशी?" त्या म्हणाल्या. "ती तुला गाठायला तिकडे गेली!"

"तिकडे? कुठे?"

"तुझ्या ऑफिसात! आत्ता गेली, अगदी आत्ता. गाडी केव्हाची येऊन उभी होती. पिवळा शोध शोध शोधला. तू म्हणालीस लालला हात लावायचा नाही. म्हणून मी अभ्रे लावले. बिट्टी म्हणाली पण, आजी, हे पिवळे दिसतील का?"

"अहो आई, ते तिकडून पांढरे दिसतात!"

"मला काय ठाऊक? इथून पिवळे दिसतात!"

इथून पिवळेच दिसत होते ते.

"फोन नाही का केला ऑफिसात?"

"केला ना तिने. एक बाई बोलायला लागली. एक दाबा, दोन दाबा. पोरीने नऊपर्यंत दाबलं. हात हलवले, ओरडली इथून, तू बघशील तर शपथ. मग निघताना पासपोर्ट पाहायला हातबॅग उघडली तर तळाशी टॉवेल! काखेत कळसा आणि गावाला वळसा. हसली की रडली मला कळलं नाही. म्हणाली, आजी, ऑफिस वाटेतच आहे, मीच जाते आणि आईला दाखवते तिचा टॉवेल. माझ्या पाया पडली आणि गेली."

ती पुढच्या दाराने वर, मी मागच्या दाराने खाली. इतकी वर्षं सगळे सांगतायत घर जवळ, घर जवळ, आणि एवढ्याशा रस्त्यात आमची चुकामूक झाली. मी बाल्कनीकडे धावले.

समोर सहाव्या मजल्यावर हॉलच्या बाहेर पाहुण्यांना बसायची खोली आहे. तिच्या खिडकीत पिवळं काहीतरी हलत होतं.

ऑफिसच्या रखवालदाराने सोडलं असणार. तो तिला फ्रॉकमधली असल्यापासून ओळखतो. दोन्ही हात वर करून बिट्टी टॉवेल हलवत होती, काचेला अगदी चिकटून. कोणीतरी तिला सांगितलं असेल की आई घरी पळाली. मी ओरडले, "बिट्टी!" तिला काय ऐकू जाणार, काचेपलीकडे? पण तिने मला पाहिलं. टॉवेल आणखी जोराने हलायला लागला.

खाली ऑफिससमोर, जिथे गाडी थांबवायला मनाई, तिथे पांढरी गाडी दिवे उघडझाप करत उभी होती. ड्रायव्हर बाहेर येऊन वर बघत होता, मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. रस्ता एकेरी. त्या गाडीला आमच्या फाटकाशी परत यायचं तर पार पुलापर्यंत जाऊन वळून यावं लागतं, आणि यावेळी तिकडे गाड्यांची रांगच रांग. बिट्टीने एक हात काढून कानाला लावला, मग मनगटावर टिचकी मारली. यांचा फोन आला असणार, कुठे आहात, उशीर होतोय. मग तिने स्वतःकडे बोट केलं आणि माझ्याकडे. मी येऊ?

मी पळत गेले असते तर? पुन्हा लिफ्ट, पुन्हा सिग्नल, आणि सुटलेलं अख्खं ऑफिस उलट अंगावर येणार. ती थांबली असती. माझी पोर थांबलीच असती, पण विमान थांबलं नसतं.

शोधाशोधीत सासूबाईंनी सगळे टॉवेल आणून कठड्यावर टाकले होते. माझ्या हाताला पहिला लागला तो लाल.

लाल लावला की ती येणार. प्रश्नच नाही. विमान गेलं खड्ड्यात, नोकरी गेली खड्ड्यात, ती त्या जिन्याने उतरून, रस्ता ओलांडून धापा टाकत या दारात येणार आणि म्हणणार, "यासाठी लाल?" आणि मी तिला पोटाशी धरणार. सकाळी धरली नाही तशी, नीट. मला ती हवी होती हो. मला दुसरं काही नको होतं. मुठीत तो टॉवेल असा पिळला की त्यातून पाणी निघालं असतं.

मग मी तो खाली टाकला. अभ्रे ओढून काढले आणि पांढरा टॉवेल घेतला. खरा पांढरा. दोरीवर पसरला, ताणला, चिमटे लावले आणि बाजूला झाले, म्हणजे तिला पूर्ण दिसावा.

पलीकडे पिवळं हलायचं थांबलं.

अर्थ काही तिला समजावून सांगायला नको होता, तिनेच ठरवलेला होता तो. सगळं ठीक आहे, तुझं चालू दे. ती बघत उभी राहिली. मग तिने त्या टॉवेलात तोंड खुपसलं आणि पुसलं. खूप वेळ पुसत होती. मऊ होता तो, त्यासाठीच तर भरला होता. मग हात वर केला, आणि खिडकी रिकामी झाली. थोड्या वेळाने ती खाली रस्त्यावर दिसली, गाडीचं दार उघडलं, वर पाहिलं, आत बसली. दिवे उघडझाप करायचे थांबले आणि गाडी इतर गाड्यांमध्ये मिसळली. मी पुलापर्यंत बघत होते, पण त्यातली तिची कोणती ते कळेनासं झालं.

सासूबाई माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पांढऱ्या टॉवेलाचा एक कोपरा दुमडला होता तो सरळ केला.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "मी पण पुष्कळदा असाच लावलाय."

"कसा?"

"असाच. पांढरा."

मी त्यांच्याकडे वळले. "म्हणजे? कधी?"

"जाऊ दे ना आता."

"अहो आई, कधी? सांगा मला!"

"एकदा पोरीचा ताप उतरेना. एकदा मी मोरीत पडले होते, कशीबशी उठले. एकदा ती नुसतीच रडत होती, आई पाहिजे, आई पाहिजे, लाल लावू म्हणत होती. मीच नाही म्हटलं, आईचं काम आहे." त्या समोर बघत होत्या. "तू सारखी मान वळवून बघायचीस. मला दिसायचीस इथून. पांढरा दिसला की खाली मान घालून कामाला लागायचीस. मग मलाही बरं वाटायचं."

मला त्यांचा राग आला. इतकी वर्षं मी त्या पांढऱ्यावर विसंबून दुसऱ्यांचे ताप आणि दुसऱ्यांची पडझड तपासत बसले. भांडावं म्हणून तोंड उघडलं, आणि भांडणार कशावरून? आत्ताच माझ्या हातांनी काय केलं होतं मी?

समोर सहाव्या मजल्यावर, माझ्या खुर्चीशेजारच्या खिडकीत दोनमिनिटे येऊन उभा राहिला. त्याने आमची बाल्कनी बरोबर शोधली. हात हलवला, मग दोन बोटं दाखवली. मागे ती तपासणीवाली बाई उभी होती. मी पदराने डोळे पुसले. अजून तीन फाईली होत्या, आणि त्यांचं दुसऱ्या कोणाला काय सांगता येणार? माझा पाय आपोआप दाराकडे वळला.

"कुठे निघालीस?" सासूबाईंनी विचारलं.

"येते जाऊन. बोलावतायत. आत्ता येते, घर काय..."

सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली वाकल्या आणि मी टाकलेला लाल टॉवेल त्यांनी उचलला. झटकला. पांढरा काढून माझ्या खांद्यावर टाकला आणि त्याच्या जागी लाल लावला, चिमटे घट्ट दाबून.

"लाल लागलाय," त्या म्हणाल्या. "बस खाली."

मी बसले.